टोकियोहून हाकोने: एक दिवस, सत्तरीतले आई-बाबा आणि गरम पाणी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही टोकियोत निशी-कासाईला राहता. पुण्याहून आई-बाबा आलेत. आई ६८ वर्षांची, बाबा ७२ वर्षांचे. बाबांना मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे. आईचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. दोघांना डोंगरातलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव बघायचंय, हाताशी एकच दिवस आहे, म्हणून तुम्ही हाकोनेची एक गाइडेड बस सहल बुक करायच्या बेतात आहात. आणि शेवटी जरा संकोचून विचारलंय की तिथे सगळ्यांसमोर, अंगावर काही न ठेवता आंघोळ करावी लागते, हे आईला सांगायचं कसं.

बुकिंग थांबवा. आधी त्या सहलीचं वेळापत्रक उघडा आणि त्यात आंघोळ नेमकी किती वाजता आहे ते शोधा. बहुधा सापडणार नाही.

मी गेली चौदा वर्षं मराठी मंडळींना घेऊन जपानला जाते, आणि या बस सहली मी आतून पाहिल्यात. टोकियोहून निघणाऱ्या बहुतेक एकदिवसीय सहलींच्या नावात फुजी आणि हाकोने दोन्ही असतात. सकाळी शिंजुकूहून बस, आधी फुजीच्या पाचव्या टप्प्यावर, म्हणजे २३०० मीटरवर, मग जेवण, मग आशी सरोवरात बोट, एखादा रोपवे आणि संध्याकाळी परत. अकरा तासांतले पाच-सहा बसमध्येच जातात. प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं, त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत. आपल्या आई-बाबांच्या वयाची माणसं त्या बसमधून उतरताना आणि चढतानाच दमतात. एवढं करून गरम पाण्याला बोटसुद्धा लागत नाही. फुजी ढगात असेल तर तीही गेली. ज्यांना दोन-चार ठिकाणांचे फोटो हवेत त्यांच्यासाठी ही सहल ठीक आहे. तुमच्यासाठी नाही.

हे शहाणपण मलाही चूक करूनच आलं. पहिल्याच वर्षी अठ्ठावीस जणांना घेऊन हाकोनेला गेले होते. आंघोळ शेवटी ठेवली होती, चार वाजता. दुपारी वारा सुटला आणि रोपवे बंद झाला. बदली बसच्या रांगेत तासभर गेला, उतारावर गाड्यांची रांग लागली आणि आम्ही स्नानगृहाच्या दारात पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. परतीची गाडी ठरलेली. अर्ध्या तासात सगळ्यांना आत पाठवून ओल्या केसांनी बाहेर काढलं. साताऱ्याचे एक काका बूट घालता घालता म्हणाले, “बाई, गंगेला नेलंत आणि आचमन करून आणलंत.” तेव्हापासून हाकोनेचा दिवस मी आंघोळीपासून मागे मोजत आखते. दोन ते पावणेपाच पाण्यासाठी. त्यात बसेल तेवढंच बाकीचं.

तुम्ही निशी-कासाईला आहात, म्हणजे शिंजुकूला जायचं कारणच नाही. शिंजुकूहून रोमान्सकार ही सुंदर गाडी थेट हाकोने-युमोतोला जाते, दीड तासाच्या आत पोहोचवते, आणि सगळे तीच सुचवतात. पण सकाळी म्हाताऱ्या माणसांना घेऊन शिंजुकू स्टेशन ओलांडणं म्हणजे दादरचा पूल गर्दीच्या वेळी ओलांडण्यासारखं आहे. तुमच्या घरून तोझाई मार्गावर वीस मिनिटांच्या आत ओतेमाची, तिथून जमिनीखालच्या वाटेनेच टोकियो स्टेशन आणि तिथून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण पस्तीस मिनिटांत ओदावारा. प्रत्येक शिंकान्सेन तिथे थांबत नाही. कोदामा थांबते, हिकारी क्वचित, नोझोमी नाही. पाटी बघूनच चढा, नाहीतर थेट नागोया दिसेल.

ओदावाराला उतरून नेहमीप्रमाणे डोंगरातल्या गाडीकडे धावू नका. बाहेर बस थांब्यावर या. मोतोहाकोनेला, म्हणजे सरोवराकाठी जाणारी बस इथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. पुढे युमोतोला तीच बस भरते आणि तिथून चढणारे अर्धा-पाऊण तास लोंबकळत घाट चढतात. आईच्या गुडघ्यासाठी ही एक गोष्ट बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा महत्त्वाची आहे.

म्हणजे तुम्ही हाकोनेची फेरी उलट्या बाजूने करताय. सगळे गाडीने गोराला, मग केबल कारने वर, रोपवेने ओवाकुदानी, तिथून सरोवर, बोट आणि शेवटी बसने खाली असे जातात. तुम्ही आधी सरोवर गाठायचं. यात तीन फायदे आहेत. फुजी दिसायची असेल तर सकाळीच दिसते, दुपारपर्यंत बहुधा ढगाचा पदर ओढून घेते. घाटातला रस्ता दुपारनंतर तुंबतो आणि तेव्हा तुम्ही रुळांवर असता. आणि फेरी संपते ती युमोतोला, जिथे स्नानगृहं स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

तिकिटाचं म्हणाल तर हाकोने फ्रीपास ओदावारापासूनचा घ्या. तो एका दिवसाचा मिळत नाही, कमीत कमी दोन दिवसांचा असतो, पण बस, बोट, रोपवे, केबल कार आणि गाडी सगळं त्यात येतं. पूर्ण फेरी मारणार असाल तर एका दिवसासाठीही तो परवडतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक ठिकाणी तिकिटासाठी उभं राहावं लागत नाही.

आठच्या सुमारास ओदावारा सोडलंत तर सव्वानऊपर्यंत सरोवराकाठी असाल. काठाने पाच-दहा मिनिटं चाललं की पाण्यात उभं असलेलं लाल तोरीई, म्हणजे देवस्थानाची कमान, दिसतं. फोटोची रांग दहानंतर वाढत जाते. नऊच्या आसपास ती अजून आवाक्यात असते. हाकोनेचं देवस्थान इसवी सन ७५७ पासूनचं, पण मुख्य मंदिर नव्वदेक दगडी पायऱ्यांवर आहे. आईने खालूनच हात जोडावेत. बाबांना जायचं असेल तर तुम्ही सोबत जा, आई काठावर बाकावर बसेल. सगळ्यांनी सगळं केलंच पाहिजे असा हट्ट धरला की दिवस फसतो.

बोट चाच्यांच्या जहाजासारखी सजवलेली आहे. मला ती जरा पोरकट वाटते, पण आमच्या ग्रुपमधल्या आजोबा मंडळींनीच सुकाणूशेजारी उभं राहून सगळ्यात जास्त फोटो काढलेत. अर्ध्या तासात तोगेंदाई, तिथून रोपवे.

हा रोपवे ज्या डोंगरावरून जातो तो जिवंत ज्वालामुखी आहे, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. वर ओवाकुदानी, १०४४ मीटरवर. साधारण ३००० वर्षांपूर्वी इथला डोंगर फुटला, ढासळला, त्या मलब्याने नदी अडली आणि आशी सरोवर झालं. दरीतून अजून वाफ निघते, गंधकाचा वास येतो, झाडं वाळलेली. पूर्वी या जागेचं नावच ‘मोठा नरक’ होतं. १८७६ साली सम्राट-सम्राज्ञी यायचे म्हणून ते बदलून ओवाकुदानी, म्हणजे ‘मोठी उकळती दरी’ केलं. राजाला नरकात कसं नेणार! ही गोष्ट रोपवेच्या पाळण्यात सांगा, ओवाकुदानीच्या अलीकडे. तिथून पुढे सोउंझानकडे, म्हणजे रोपवेच्या दुसऱ्या टोकाकडे निघताच खाली पिवळट दरी उघडते आणि सगळे गप्प होतात.

२०१५ च्या जून अखेरीस इथे छोटा उद्रेक झाला, परिसर बंद झाला, आणि रोपवे पूर्णपणे सुरू व्हायला २०१६ चा जुलै उजाडला. २०१९ मध्येही काही महिने दरी बंद होती. म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी रोपवे चालू आहे का हे बघायचं. वारा आणि वायू, दोन्हींमुळे तो बंद होतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तिथे उतरू नये असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. बाबांना मधुमेहाबरोबर छातीचं काही दुखणं असेल तर ओवाकुदानीला फक्त पाळणा बदला, बाहेर रेंगाळू नका.

काळी अंडी तिथेच मिळतात. गरम झऱ्याच्या पाण्यात अंडी सोडतात, कवचावर पाण्यातलं लोह बसतं, त्याचा गंधकाच्या वायूशी संयोग होतो आणि कवच कोळशासारखं काळं पडतं. आत मात्र साधं उकडलेलं अंडं. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणतात. पाकीटच घ्यावं लागतं, सुटं मिळत नाही. आमच्या एका काकांनी तीन खाऊन हिशेब केला आणि काकूंनी उरलेलं एक पर्समध्ये टाकलं, “यांच्यामागं मला एकटीला राहायला नको” म्हणून.

रोपवेचं दुसरं टोक सोउंझान. तिथल्या स्टेशनात गच्चीवर पाय बुडवून बसायची सोय आहे, फुकट. याला आशियु म्हणतात. पोटरीपर्यंत गरम पाणी, समोर डोंगर. आईला इथे पहिल्यांदा पाय सोडून बसवा. पाण्याची भीती, ऊब, वास, सगळ्याची ओळख इथेच कपड्यांसकट होते, आणि पुढचं बोलणं सोपं जातं.

तिथून केबल कारने गोरा आणि गोराहून डोंगरगाडी. हा मार्ग १९१९ सालचा. दर हजार मीटरला ऐंशी मीटर चढ, दाती रुळाशिवाय, नुसत्या चाकांच्या पकडीवर. भोर घाटाचा चढ सदतीसात एक, माथेरानच्या गाडीचा विसात एक. हिचा साडेबारात एक. तीन ठिकाणी गाडी थांबते, ड्रायव्हर आणि गार्ड फलाटावरून चालत एकमेकांची जागा घेतात आणि गाडी उलट दिशेने उतरायला लागते. भोर घाटात खंडाळ्याला असं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, ते १९२९ च्या सुमारास नवे बोगदे झाल्यावर गेलं. पुण्या-मुंबईच्या बाबा लोकांना हे सांगितलं की ते खिडकीतून डोकं काढायच्या बेतात येतात. वळणं इतकी आवळ आहेत की रूळ झिजू नयेत म्हणून गाडी चाकांवर पाणी शिंपडत जाते. तेल घातलं तर ती घसरेल. २०१९ च्या ऑक्टोबरातल्या वादळाने हा मार्ग वाहून नेला होता, २०२० च्या जुलैत तो पुन्हा सुरू झाला. जून-जुलैत आलात तर रुळांच्या दोन्ही बाजूंना हायड्रेंजिया फुललेला असतो आणि फांद्या काचेला घासतात. चाळीसेक मिनिटांत युमोतो.

आता पाणी.

हाकोनेत झरे अनेक आणि पाणी सगळीकडे सारखं नाही. ओवाकुदानीजवळचं, सेनगोकुहाराकडचं पाणी दुधाळ, आंबट आणि गंधकाचं. त्यातलं बरंचसं ज्वालामुखीची वाफ साध्या पाण्यात मिसळून तयार करतात आणि नळाने खाली पोहोचवतात. युमोतोचं पाणी नितळ, जवळजवळ बिनवासाचं, हाताला किंचित बुळबुळीत लागणारं. हा फरक मी सगळ्या बायकांना मुद्दाम सांगते, जोडव्यांमुळे. गंधकाच्या पाण्यात चांदी दहा मिनिटांत काळी ठिक्कर पडते. एका काकूंनी “लग्नापासून काढली नाहीत” म्हणून जोडवी तशीच ठेवली आणि बाहेर आल्यावर ती बघून त्यांचा चेहराच उतरला. अपशकून वगैरे काही नाही, चांदीवर गंधकाचा थर बसतो, इतकंच. रात्री हॉटेलात वाटीत ॲल्युमिनियमची फॉइल, वर खायचा सोडा आणि उकळतं पाणी घालून जोडवी बुडवली, पाच मिनिटांत पांढरी झाली. युमोतोत हा प्रश्न येत नाही. तरी अंगठ्या-बांगड्या काढून लॉकरमध्ये ठेवलेल्या बऱ्या.

स्नानगृहाच्या दारावर पडदे असतात, निळा पुरुषांचा, लाल बायकांचा. रंगावर विसंबू नका, अक्षर ओळखायला शिका. पुरुषांच्या अक्षरात वर चार खान्यांची चौकट असते, शेताचे वाफे पाडल्यासारखी. बायकांच्या अक्षरात चौकट नाही, फुलीसारख्या तिरक्या रेघा आणि वरून एक आडवी. काही ठिकाणी दोन्ही बाजू अधूनमधून बदलतात, म्हणून सकाळी कुठे गेलो होतो हे आठवून आत शिरायचं नाही.

आत गेल्यावर क्रम असा. बूट बाहेरच्या लॉकरमध्ये, मग आत टोपली किंवा लॉकर, सगळे कपडे त्यात. छोटा टॉवेल तेवढा हातात. मग बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ, केस धुतले तर बांधून टाकायचे, आणि फेस पूर्ण गेल्यावरच कुंडात उतरायचं. कुंड आंघोळीसाठी नसून बसण्यासाठी आहे, हे एकदा डोक्यात शिरलं की बाकीचे नियम आपोआप कळतात. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. पोहायचं नाही. फोन आत न्यायचाच नाही.

वज्रेश्वरी, गणेशपुरी, राजापूरजवळचं उन्हाळे, यांच्या कुंडांची आपल्याला सवय असते, तिथे कपड्यांसकट उतरतो आणि कधी कधी साबणही तिथेच लावतो. बाबांना हे प्रेमाने, पण आधी सांगा. (कोकणातल्या झऱ्यांखाली ज्वालामुखी नाही. तिथे पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल मुरतं, तापतं आणि वर येतं. बाबा हा प्रश्न विचारणार, म्हणून सांगून ठेवलं.)

आणि आईला कसं सांगायचं? तुम्ही सांगूच नका. मुलाने आईशी बोलायचा हा विषय नाही. पत्नी असेल तर तिला, नाहीतर ऑफिसातल्या एखाद्या मराठी मैत्रिणीला फोनवर बोलू दे. मी स्वतः काय पाहिलं ते सांगते, हवं तर आईला वाचून दाखवा. कोल्हापूरच्या एक ताई, साठीच्या पुढच्या, कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल छातीशी धरून वीस मिनिटं भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी आग्रह केला नाही. एक पाठीत वाकलेल्या जपानी आजी आल्या, यांच्याकडे न बघताच स्टूल पुढे सरकवला, बादली भरून ठेवली आणि आपल्या खांद्यावर पाणी ओतत बसल्या. आत एक आई बाळाचे कान पुसत होती, दोन कॉलेजच्या मुली हळू आवाजात बोलत होत्या. कुणाची नजर कुणाकडे नव्हती. ताई हळूच बसल्या, अंग धुतलं, उतरल्या, गळ्यापर्यंत पाणी आल्यावर डोळे मिटून म्हणाल्या, “आपल्याकडं बघतंय कोण इथं!” मग त्यांना बाहेर काढणं अवघड झालं.

पण सगळ्याच ताई उतरत नाहीत, आणि न उतरण्यात काही कमीपणा नाही. तुमच्यासाठी माझा पहिला सल्ला काशिकिरी, म्हणजे खासगी कुंड. तासा-दीड तासासाठी एक खोली आपली, तिचं आपलं कुंड, दाराला आतून कडी. आई-बाबा दोघं एकत्र बसू शकतात, आईला हात धरून उतरवायला बाबा असतात. युमोतोजवळच्या हाकोने युर्योसारख्या ठिकाणी अशी सोय आहे, स्टेशनवरून त्यांची गाडी काही मिनिटांत नेते. तासाला काही हजार येन पडतात. आरक्षण आधी करा, सुट्टीच्या दिवशी ऐनवेळी मिळत नाही. पोहण्याचे कपडे घालून बसायचं असेल तर युनेस्सुन नावाचं ठिकाण आहे, वाइनचं, कॉफीचं, ग्रीन टीचं कुंड वगैरे. नातवंडं असती तर तिकडे पाठवलं असतं. सत्तरीतल्या दोघांना त्या गलक्यात काय मिळणार?

आरक्षण करताना गोंदणाचं विचारून घ्या. ही गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. जपानमध्ये अंगभर गोंदण ही याकुझा टोळ्यांची खूण मानली गेली, म्हणून पुष्कळ स्नानगृहांत गोंदलेल्यांना मज्जाव असतो, काही ठिकाणी खासगी कुंडातसुद्धा. आपल्या आयांच्या हातावर तुळशीवृंदावन किंवा हनुवटीवर हिरवे ठिपके असतात, ते दारावरच्या माणसाला टॅटूच दिसतात. २०१३ साली होक्काइडोत न्यूझीलंडच्या एका माओरी स्त्रीला हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे आत सोडलं नव्हतं आणि त्यावर जपानमध्येही बरीच चर्चा झाली होती. छोटं असेल तर अंगाच्या रंगाची पट्टी लावून बहुतेक ठिकाणी चालतं. ती औषधांच्या दुकानात मिळते, टोकियोतूनच घेऊन जा.

तब्येतीचं थोडं कडक सांगते. कुंडातलं पाणी ४० ते ४२ अंश असतं, घरच्या बादलीतल्या पाण्यापेक्षा अंगाला बरंच चटकतं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिल्यांदा पाच मिनिटं, मग काठावर बसणं, पाणी पिणं, मग पुन्हा पाच मिनिटं. भरल्या पोटी नको, अगदी रिकाम्या पोटीही नको. बाबांचं इन्शुलिन हा मोठा मुद्दा आहे: टोचल्यावर लगेच गरम पाण्यात बसलं तर ते लवकर शोषलं जातं आणि साखर खाली येऊ शकते. निघण्याआधी पुण्यातल्या त्यांच्या डॉक्टरांना फोन करून वेळा ठरवून घ्या आणि साखरेच्या गोळ्या खिशात असू द्या. मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर पाणी किती गरम आहे हे पायाला कळत नाही. आधी कोपराने बघायचं. पायाला जखम असेल तर उतरायचंच नाही. आईच्या गुडघ्याला पाण्याचा त्रास नाही, घसरण्याचा आहे. ओली फरशी, बुटकं स्टूल आणि कुंडाची निसरडी पायरी, या तीन जागा. उंच खुर्ची मागा, बऱ्याच ठिकाणी असते, पण मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही.

जेवण डब्यातूनच न्या. शाकाहारी माणसाला हाकोनेत भाजी दिसते, पण रस्सा दाशीचा, म्हणजे माशाच्या अर्काचा असतो. सोबा नूडल्सच्या वाटीतसुद्धा. पोळ्या, कोरडी बटाट्याची भाजी, दही-भात, लसणाची चटणी. दुपारी बाराच्या सुमारास सोउंझानच्या आसपास बाकावर बसून खा. बाबांच्या साखरेच्या दृष्टीनेही वेळ हातात राहते. डोंगरगाडीत डबा उघडू नका, तिथली ती रीत नाही, आणि लसणाचा वास पूर्ण डब्यात फिरतो. मी स्वतः ही चूक केलेली आहे.

मग गाइड घ्यायचाच नाही का? बसच्या सहलीचा नको, पण दोघांना तुम्ही एकटे सांभाळणार नसाल तर एका माणसाला दिवसभरासाठी घ्या. ओदावाराला भेटेल, युमोतोला सोडेल असा. २०१८ पासून जपानमध्ये परवान्याशिवायही पैसे घेऊन गाइडचं काम करता येतं, त्यामुळे सरकारी परीक्षा दिलेले आणि न दिलेले दोन्ही सापडतात, आणि दोन्हींत चांगले-वाईट आहेत. निवडताना मी एकच प्रश्न विचारते: त्या दिवशी रोपवे बंद असेल तर काय कराल? “बघू” म्हणाला तर पुढचा फोन लावा. ज्याला काम येतं तो लगेच सांगेल की बोट करू, मग बसने कोवाकिदानीकडे उतरू, चोकोकु-नो-मोरीचं उघड्यावरचं शिल्पसंग्रहालय बघू (१९६९ चं, आत पिकासोचं दालन आहे आणि पाय बुडवायची जागाही), तिथून गाडीने युमोतो, आंघोळीची वेळ हलणार नाही. महिला गाइड मिळाली तर उत्तम. पुरुष गाइड आईला लाल पडद्यापर्यंतच सोडू शकतो, आणि खरी मदत पडद्याच्या आत लागते.

दिवस निवडता येत असेल तर शनिवार सोडा, मंगळवार-बुधवारची रजा टाका. २ आणि ३ जानेवारीला हाकोनेचं नावही काढू नका; टोकियो ते हाकोने विद्यापीठांची रिले शर्यत असते आणि घाटरस्ता बंद होतो. फुजीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीची हवा सगळ्यात स्वच्छ, पण मग काठावर वारा बोचतो, आईला कानटोपी द्या.

पावणेपाचला बाहेर पडलात की बाबांना काचेच्या बाटलीतलं थंड दूध घेऊ द्या, साधं. कॉफीवालं गोड असतं. जपानी माणसं ते कमरेवर हात ठेवून एका दमात पितात, बाबाही पितील. युमोतोहून ओदावारा पंधरा मिनिटं, तिथून शिंकान्सेन, साडेसातच्या आत घरी. आणि ओले टॉवेल ठेवायला दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या घरूनच घ्या, तिथे कचऱ्याची टोपलीसुद्धा मिळत नाही.